नेत्रछायाचित्रण-पथक आणि पथकप्रमुखाचे दायित्व



नेत्रशिबिर हा शब्द नागपुरात कोणालाही अपरिचित नाही. तेथे तक्रार घेऊन येणाऱ्याचा डोळा तपासला जातो. नेत्रसंशोधनात मात्र ज्याची काहीही तक्रार नाही, त्याचाही डोळा पाहावा लागतो. त्याविना रोग समाजात किती पसरला आहे याचा अंदाज येत नाही.

असे एक मोठे कार्य याच नगरीच्या आश्रयाने झाले. सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया व जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठाचे प्रा. योस्ट योनास यांच्या नेतृत्वाखाली २००६ ते २००८ या काळात ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’ पार पडली. नागपूरपासून सुमारे ४० किलोमीटरवरील ८ खेड्यांतील ३० वर्षे व त्यावरील ५,८८५ पात्र व्यक्तींपैकी ४,७११ जण, म्हणजे शेकडा ८०, तपासणीस आले. हातावर पोट असलेल्यांनी एवढ्या संख्येने यावे, हीच मुळात मोठी गोष्ट. बुबुळ, नेत्रभिंग व दृष्टिपटल यांची छायाचित्रे हे त्या तपासणीचे एक प्रमुख अंग होते.

जिवंत मनुष्याच्या दृष्टिपटलाचे छायाचित्र १८८६ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले, तेव्हा त्या माणसाला सुमारे अडीच मिनिटे डोळा स्थिर ठेवावा लागला होता. आज क्षणार्धात प्रकाश चमकतो व चित्र उमटते. म्हणून काम सोपे झाले, असे वाटणे स्वाभाविक आहे. ते खरे नाही.

अशा संशोधनातील पथकप्रमुख स्वतः फारच थोडी छायाचित्रे काढतो. इतरांनी काढलेली पाहणे, हे त्याचे काम. प्रत्येक रुग्णाच्या चित्रात एकाच जागी ठिपका दिसू लागला, तर तो रोग नव्हे, भिंगावरील धूळ आहे, हे त्याने ओळखावे. उजव्या डोळ्याच्या चित्रात दृष्टिचेतेचे बिंब उजवीकडे असते, डाव्याच्या डावीकडे. नोंद व चित्र जुळत नसतील, तर कोठेतरी डोळ्यांची अदलाबदल झाली आहे. ही चूक त्याच दिवशी सापडली तर सुधारता येते. रुग्ण गावी परतल्यावर ती निस्तरणे महाकठीण.

बाहुली मोठी करणारे औषध घातल्यावर काही तास जवळचे नीट दिसत नाही व ऊन सोसवत नाही. विदर्भातील उन्हाळ्यात याचा अर्थ काय, हे सांगावयास नको. औषध घालण्यापूर्वीच रुग्णाला त्याच्या बोलीत ही गोष्ट समजावली गेली काय, सोबत कोणी आहे काय, हे पाहणे यंत्राच्या देखभालीइतकेच महत्त्वाचे होय.

खरी कसोटी निराळीच आहे. पिकलेला मोतीबिंदू असलेल्या वृद्धेच्या डोळ्यात कॅमेऱ्याचा प्रकाश पोहोचत नाही. चित्र धूसर येते. बाहेर रांग असते, तंत्रज्ञ थकलेले असतात, आणि असे चित्र गाळून टाकावे असा मोह होतो. परंतु ज्यांची चित्रे बिघडतात ते बहुधा वयोवृद्ध व अधिक रुग्ण असतात. त्यांनाच वगळले, तर उरलेल्या आकड्यांत गाव प्रत्यक्षाहून निरोगी दिसेल. यास्तव प्रमुखाने पुन्हा प्रयत्न करवावा, तोही निष्फळ ठरल्यास ‘वाचता येत नाही’ अशी कारणासह स्पष्ट नोंद ठेवावी. नवशिक्या तंत्रज्ञाला ही नोंद स्वतःची नामुष्की वाटते. बिघडलेले चित्र न लपवता आणून दाखवणाऱ्याला बोल लावणारा प्रमुख पुढे तशी चित्रे पाहूच शकत नाही, कारण ती त्याच्यापर्यंत येतच नाहीत.

आणखी एक गोष्ट. निदान करणे हे छायाचित्रकाराचे काम नव्हे. तरीही दृष्टिपटलावर रक्तस्राव दिसला, तर ते चित्र अभ्यासकांच्या सवडीची वाट पाहत संगणकात पडून राहता कामा नये. ते त्याच दिवशी वैद्यांसमोर गेले पाहिजे, आणि रुग्ण परतीच्या प्रवासाला निघण्यापूर्वी पुढील उपचारासाठी कधी व कोठे यावयाचे, हे त्याला व त्याच्या घरच्यांना सांगितले गेले पाहिजे.