लिनक्सवर गेम चालतात का?

(मंडळाच्या व्याख्यानमालेत संगणक विभागाच्या वतीने केलेले भाषण)



या व्याख्यानमालेत संतसाहित्य झालं, होळकरांचा इतिहास झाला, मधुमेहसुद्धा झाला. आज फलकावर 'गेम' हा शब्द वाचून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. पण हा विषय आम्ही शोधायला गेलो नव्हतो, तोच आमच्या दारात आला. वाचनालयाशेजारच्या खोलीत आम्ही काही स्वयंसेवक दर रविवारी सभासदांचे जुने संगणक तपासून देतो. अलीकडे येणाऱ्या बहुतेक घरांची अडचण एकच असते. विंडोज १० ची नेहमीची देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. म्हणजे संगणक धडधाकट, पण पुढची वाट बंद.

आम्ही सुचवतो, लिनक्स घाला. पैसे पडत नाहीत, जुन्या संगणकावर बरं चालतं, मराठी लिहिता-वाचता येतं. वडील तयार होतात. आजी तर आधीच तयार असतात, त्यांना यूट्यूबवर कीर्तन ऐकायचं असतं, खाली कोणती प्रणाली आहे याच्याशी त्यांना काय करायचंय! आणि मग घरातला नववीतला मुलगा एकच वाक्य बोलतो : "लिनक्सवर गेम चालत नाहीत." बैठक तिथेच संपते आणि घर चाळीस-पन्नास हजारांच्या नव्या संगणकाकडे वळतं.

त्या मुलाचं म्हणणं आम्ही हसण्यावारी नेत नाही. खेळ हा त्याच्या वयाचा कट्टा आहे. सगळे मित्र संध्याकाळी तिथे जमतात. आपण बाहेर राहिलो तर काय होईल, ही त्याची भीती खरी आहे. म्हणून त्याच्या वाक्याचा खरेखोटेपणा नीट तपासू. आमचं उत्तर असं की दहा वर्षांपूर्वी ते बरंचसं खरं होतं. आज ते थोडं खरं आहे, आणि त्या थोड्या भागातच खरा वाद आहे.

आधी थोडा इतिहास. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा लिहिला. १९९३ मध्ये 'वाइन' नावाचा प्रकल्प सुरू झाला. विंडोजसाठी लिहिलेले प्रोग्राम लिनक्सवर चालवायचे, हा त्याचा उद्देश. १९९८ मध्ये अमेरिकेत 'लोकी' नावाची कंपनी निघाली. ती गाजलेले गेम घेऊन त्यांची लिनक्स आवृत्ती विकायची. काम चोख होतं, पण गिऱ्हाईक थोडं. २००२ च्या जानेवारीत कंपनी बंद पडली. तिच्यात काम करणाऱ्या सॅम लँटिंगा यांनी रचलेली 'एसडीएल' ही सॉफ्टवेअरची जोडसामग्री मात्र आजही असंख्य गेमच्या पोटात आहे. दुकान गेलं, अवजार उरलं.

त्यानंतर दहा वर्षं हा प्रांत हौशी लोकांचाच होता. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं, त्यात मायक्रोसॉफ्टने स्वतःचं दुकान बसवलं. 'स्टीम' हे गेमचं मोठं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीच्या गेब न्यूएल यांना त्यात धोका दिसला, आणि त्यांनी तो उघडपणे बोलून दाखवला. दुसऱ्याच्या जागेत दुकान थाटलेल्या माणसाला घरमालकाने शेजारीच तसलं दुकान काढलं की जे वाटेल, तेच त्यांना वाटलं. २०१३ मध्ये स्टीम लिनक्सवर आलं. २०१५ मध्ये 'स्टीम मशीन' नावाचे संगणक बाजारात आले आणि पडले, कारण त्यांच्यावर चालणारे गेमच पुरेसे नव्हते. कंपनी त्यातून एक गोष्ट शिकली. जगातल्या प्रत्येक गेम-निर्मात्याला लिनक्सची भाषा शिका म्हणून विनवण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा चांगला दुभाष्या नेमावा.

ऑगस्ट २०१८ मध्ये तो दुभाष्या आला. त्याचं नाव 'प्रोटॉन'. मुळात वाइनच, पण जोडीला 'डीएक्सव्हीके' हे साधन. विंडोजचा गेम डायरेक्टएक्स नावाच्या भाषेत सांगतो, "इथे झाड काढ, तिथे सावली पाड." डीएक्सव्हीके ते वल्कन या भाषेत उलथून ग्राफिक्स कार्डाला सांगतं. विंडोजचा संपूर्ण संगणक आत उभा करायचा नसतो, फक्त बोलणं भाषांतरित करायचं असतं, म्हणून वेग फारसा कमी होत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टीम डेक हा हातात धरायचा संगणक निघाला, तो लिनक्सवर चालतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्टीमच्या मासिक पाहणीत लिनक्सचा वाटा प्रथमच तीन टक्क्यांच्या वर गेला. आकडा लहान आहे. पण आज एकट्याने खेळायचे बहुसंख्य गेम बटण दाबताच सुरू होतात, ही गोष्ट लहान नाही.

आता मतांकडे येतो. लिनक्स वापरणाऱ्यांमध्ये यावर एकमत आहे असं कृपा करून समजू नका. दोन मराठी माणसं एकत्र आली की तीन मंडळं निघतात म्हणतात, इथेही तसंच आहे.

पहिलं मत कडव्यांचं. लिनक्ससाठी मुळातून लिहिलेला गेम असेल तरच पैसे देऊ, एरवी नाही. त्यांचा धोक्याचा इशारा असा : दुभाष्या फार हुशार झाला, तर निर्माते आपली भाषा शिकतीलच कशाला? आणि हा दुभाष्या एकाच कंपनीच्या पगारावर आहे. उद्या तिचा विचार बदलला तर? हा प्रश्न टाकून देण्यासारखा नाही. पण दुसरी बाजूही आहे. अनेक कंपन्यांनी लिनक्स आवृत्ती काढली आणि पुढे तिच्याकडे पाहिलंच नाही. आजूबाजूची प्रणाली बदलत गेली आणि त्या आवृत्त्या आजारी पडल्या. त्याच गेमची विंडोज आवृत्ती प्रोटॉनमधून जास्त चांगली चालते, असा अनुभव अनेकांना येतो.

दुसरं मत मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचं. रिचर्ड स्टॉलमन यांनी २०१२ मध्येच यावर लिहिलं होतं. ज्या गेमचा आतला मजकूर वाचता-बदलता येत नाही तो त्यांना मुळातच मान्य नाही. तरीही असे गेम लिनक्सवर आल्याने थेट नुकसानापेक्षा फायदा अधिक होईल, असा त्यांचा अंदाज होता. कारण त्यासाठी माणूस निदान विंडोज सोडेल. कडवा समजला जाणारा माणूसही इथे व्यवहार पाहतो, हे लक्षात घेण्याजोगं आहे.

तिसरं मत व्यवहारी लोकांचं. कामाला लिनक्स, खेळाला विंडोज किंवा वेगळा कन्सोल. उगाच ओढाताण नको. ज्याला परवडतं त्याने हे जरूर करावं.

आणि आता तो थोडा भाग, जिथे आमचा नववीतला मित्र अजूनही बरोबर आहे. मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचे काही मोठे गेम लिनक्सवर चालत नाहीत. २०२० मध्ये आलेला व्हॅलोरंट कधीच चाललेला नाही. लीग ऑफ लेजेंड्स चालत असे, २०२४ च्या मे महिन्यात बंद झाला. एपेक्स लेजेंड्स त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर बंद झाला. दुभाष्या कमी पडला म्हणून हे झालेलं नाही. लबाडी पकडणाऱ्या प्रोग्राममुळे झालं.

हे समजून घेऊ. ऑनलाइन खेळात काही जण भिंतीपलीकडचं दिसेल, नेम आपोआप लागेल असे प्रोग्राम लावून खेळतात. ते पकडायला कंपन्या पहारेकरी ठेवतात. यात चूक काही नाही; कॅरमच्या स्पर्धेत पंच नको असं कोण म्हणेल? पण यातले काही पहारेकरी संगणकाच्या अगदी गाभ्यात, ज्याला कर्नल म्हणतात तिथे, जागा मागतात. व्हॅलोरंटचा पहारेकरी तर संगणक सुरू होतानाच कामावर येतो, खेळ चालू असो वा नसो. गाभ्यातल्या प्रोग्रामला संगणकातलं सारं काही दिसू शकतं. सोसायटीने फाटकावर चौकीदार ठेवणं वेगळं, आणि त्या चौकीदाराने प्रत्येक घराच्या तिजोरीची किल्ली मागणं वेगळं.

कंपन्यांची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. लिनक्सचा गाभा कुणीही बदलू शकतो, त्यामुळे तिथे लबाडाला लपायला जागा मिळते, असं त्या म्हणतात. त्यात तथ्य आहे. ज्याचा डाव लबाडाने नासवला त्या प्रामाणिक पोराचा संतापही खरा. पण ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन मोठ्या पहारेकऱ्यांनी २०२१ मध्येच प्रोटॉनवर चालायची तयारी जाहीर केली. तेव्हापासून त्यांच्यापुरती परवानगी गेम-निर्मात्याच्या हातात आहे. काहींनी दिली, काहींनी नाही. म्हणजे हे कुलूप निदान काही ठिकाणी तंत्राचं नसून मर्जीचं आहे.

आणि गाभ्यात परक्याला जागा देण्याची किंमत जगाने १९ जुलै २०२४ ला पाहिली. तो प्रसंग गेमचा नव्हता. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलमुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले, विमानतळांवर रांगा लागल्या. हेतू वाईट नव्हता. पण गाभ्यातली चूक अख्खा संगणक पाडते.

म्हणून आमचं मत असं. दुभाष्याची लाज बाळगायचं कारण नाही. इंदुरात आपली घरं पिढ्यानपिढ्या बाजारात हिंदी आणि स्वयंपाकघरात मराठी बोलत आली. बाजारात हिंदी बोलल्याने मराठी मरत नाही. घरात मराठी पुस्तक यायचं थांबलं तर मरते. तसंच इथे. प्रोटॉनमधून गेम आनंदाने खेळा, पण लिनक्ससाठी मुळातून बनलेल्या गेमलाही वेळ द्या, जमेल तिथे पैसे द्या. घराची किल्ली मात्र कुणाला देऊ नका. एखादा गेम तिजोरीची किल्लीच मागत असेल, तर तो लिनक्सवर चालत नाही ही लिनक्सची उणीव आम्ही मानत नाही. मुलाला तो खेळायचाच असेल तर घराने चर्चा करून ठरवावं. पण काय देऊन काय घेतोय, हे दोघांना ठाऊक असावं.

आता कामाच्या चार गोष्टी. पहिली : बदल करण्याआधी मुलाला शेजारी बसवून त्याच्या गेमची यादी करा. प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर खेळाडूंनी स्वतः नोंदवलेले अनुभव मिळतात, प्रत्येक गेम तिथे पाहून घ्या. यादीतला एखादाच अडत असेल आणि बाकी चालत असतील, तर बोलणी करता येतात.

दुसरी : पेन ड्राइव्हवरून लिनक्स आधी चालवून बघता येतं, जुनं काही पुसावं लागत नाही. आवाज, वायफाय, प्रिंटर तपासा. कायमचं घालण्यापूर्वी घरचे फोटो वेगळ्या डिस्कवर काढून ठेवा.

तिसरी : चमत्काराची अपेक्षा ठेवू नका. साधारण २०१४ आधीच्या इंटेल संगणकातलं अंगभूत ग्राफिक्स वल्कनच्या आजच्या गरजा पुऱ्या करत नाही. तिथे नवे भारी गेम चालणार नाहीत, पण ते विंडोजवरही चालत नव्हतेच. नवं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं असेल, तर एएमडीचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासूनच असतो. एनव्हिडियाचा बहुधा वेगळा घालावा लागतो.

चौथी, आणि आम्हाला सर्वांत आवडणारी : जे आपलंच आहे ते विसरू नका. सुपरटक्सकार्ट ही गाड्यांची शर्यत लहानांना आवडते. बॅटल फॉर वेस्नॉथ हा बुद्धिबळासारखा विचार करायला लावणारा खेळ २००३ पासून स्वयंसेवक वाढवत आहेत. '० ए.डी.' या प्राचीन साम्राज्यांच्या खेळात मौर्य आहेत, चंद्रगुप्त आहे, चाणक्यही आहे. स्टॉकफिश हा बुद्धिबळातला जगातल्या सर्वांत बलाढ्य प्रोग्रामांपैकी एक, तोही मुक्त. आणि गोडो हे गेम बनवायचं साधन २०१४ पासून सर्वांना खुलं आहे. गेल्या उन्हाळ्यात आमच्या खोलीत दोन मुलींनी त्यात मोक्षपट बनवायला घेतला. सापांना षड्रिपूंची नावं कोणती द्यायची, यासाठी त्या वाचनालयात पुस्तकं शोधत होत्या. खेळणारी मुलं पुष्कळ आहेत. खेळ घडवणारी आपल्यातून निघावीत असं आम्हाला वाटतं, आणि त्यासाठी उघडून पाहता येणारा संगणक हवा.

एक गोष्ट स्पष्ट करतो. लिनक्स घातल्याने मुलाचा खेळायचा वेळ कमी होणार नाही. ती शिस्त घरानेच लावायची, ती कोणत्याही प्रणालीत येत नाही.

मंडळाच्या खोलीतल्या सहा जुन्या संगणकांचं काय करायचं, हा विषय कार्यकारिणीपुढे आहे. भंगारात काढून नवे घ्यावेत, की लिनक्स घालून मुलांना द्यावेत? आमची शिफारस दुसरी आहे, कारणं आज आपल्यापुढे ठेवली. सभासदांनी येऊन, स्वतः खेळून बघून मत द्यावं. खोली रविवारी सकाळी दहा ते एक उघडी असते. येताना नातवंडांना आणावं. पहिला डाव त्यांच्याकडून हरायची तयारी ठेवावी.

 गणपती बाप्पा मोरया!