मालाची जात आणि वाहतुकीची रीत

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात ओरोस येथे केलेले भाषण)



मी बी.ए., बी.एड. झालेला साधा शिक्षक आहे. भूगोल आणि मराठी हे माझे विषय. मालवाहतुकीवर बोलण्याचा माझा अधिकार कोणता, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. मागील महिन्यात एक पालक मला भेटले आणि त्यांनी जो प्रश्न विचारला, त्यातूनच हे भाषण निघाले. त्यांचा मुलगा बारावीत आहे. पदवीला वाहतूक-व्यवस्थापन घ्यावे असे त्याच्या मनात आहे. पालक म्हणाले, "गुरुजी, एवढे शिकून शेवटी ट्रकवरच जायचे, तर शिकवायचे कशाला?" त्या वेळी मी त्यांना धड उत्तर देऊ शकलो नाही. आज थोडे देऊन पाहतो.

सुरुवात घरापासून करतो. माझे आजोबा तारुण्यात शिडाच्या गलबतावर होते. आपल्या किनाऱ्यावरची जुनी घरे ज्या मंगलोरी कौलांनी शाकारली आहेत, त्यांपैकी कितीतरी कौले गलबतांतून आली. 1865 साली बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि त्यानंतर हा व्यापार वाढत गेला. आजोबा सांगत, कौल आडवे निजवून रचले की खालच्या थरावर भार येऊन फुटते. ते कडेवर उभे करावे, मध्ये पेंढा द्यावा. जड माल तळाशी, म्हणजे तोच नीरमाचे काम करतो. सुके खोबरे भरताना मात्र ते फार सावध असत. खोबऱ्यात ओल राहिली तर ते ढिगाच्या पोटात आपोआप तापते. आजोबा चौथी शिकलेले होते. पण माल पाहिल्याबरोबर तो कुठे, कसा आणि कोणाच्या शेजारी ठेवायचा, हे त्यांना कळत असे. आज ज्याला मोठ्या नावाने लॉजिस्टिक्स म्हणतात, त्याचा पाया हाच आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहा. 1 मे 1981 रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला आणि हे ओरोस त्याचे मुख्य ठाणे बनले. जिल्हा लहान आहे, पण इथून बाहेर जाणारा माल किती तऱ्हांचा! देवगडचा हापूस, मालवण-वेंगुर्ल्याची मासळी, काजूगर, कासार्ड्याची सिलिका वाळू, रेडीचे लोहखनिज, नारळाचा काथ्या. या प्रत्येकाची जात वेगळी. जो हुंडेकरी या सर्वांना एकच ट्रक, एकच ताडपत्री आणि एकच भाडे लावू पाहतो, तो कोणाचे तरी नुकसान करणारच.

ते नुकसान आमच्या घराने सोसले आहे. काही वर्षांपूर्वी वडिलांनी बागेतल्या साठ पेट्या वाशीला पाठवल्या. आंबा चौदा आणे तयार झालेला, पेंढा घालून नीट भरलेला. तोडणी चांगली, भरणी चांगली. मात्र ट्रक मिळेल तो घेतला. त्याने पेट्यांच्या थरांत वारा जायला फट ठेवली नाही, वर ताडपत्री घट्ट आवळली, आणि वाटेत गाडी बिघडून दुसरा सबंध दिवस उन्हात उभी राहिली. झाडावरून उतरलेला आंबा मेलेला नसतो. तो श्वास घेतो, स्वतःची उष्णता बाहेर टाकतो, पिकविणारा वायूही सोडतो. कोंडून ठेवला की मधल्या पेट्या आधी पिकतात आणि एक पिकली की शेजारची पिकवते. दलालाची पट्टी आली तेव्हा निम्म्याहून अधिक माल डागी म्हणून लावला होता. वर्षभराची फवारणी, राखण, मजुरी एका रात्रीच्या आणि एका दिवसाच्या प्रवासात गेली. त्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीचे वसतिगृहाचे पैसे उसने काढावे लागले. वाहतूक हा दुय्यम विषय आहे असे मला कोणी सांगितले की मला ती पट्टी आठवते.

मासळीचे गणित याच्या उलट. आंब्याला वारा हवा, मासळीला बर्फ. खाली बर्फाचा थर, वर बांगडा, पुन्हा बर्फ. आणि वितळलेले पाणी निघून जायला क्रेटला भोके हवीत, नाहीतर तेच पाणी मासळी नासवते. मासळी नेणारी थंड गाडी परत येताना बहुधा रिकामी येते, कारण तिच्या वासामुळे तिच्यात दुसरे काही कोणी भरत नाही. आंब्याचा ट्रक परतीला किराणा, सिमेंट, काही ना काही आणतो. म्हणून अंतर तेच असूनही दोघांचे भाडे वेगळे पडते. परतीचे भाडे न धरता ज्याने धंदा मांडला तो पहिल्याच हंगामात बसला, असे समजा.

काजूगराला ना बर्फ लागतो ना वारा. त्याचे वैरी दोन: दमट हवा आणि कीड. म्हणून तो हवाबंद डब्यात किंवा पिशवीत, आतली हवा काढून वा निष्क्रिय वायू भरून जातो. तो महाग असल्यामुळे तिसरा वैरी म्हणजे चोर, हेही लक्षात ठेवावे. काथ्याची अडचण निराळीच. तो इतका हलका की ट्रक शिगोशीग भरतो, पण वजनकाटा हलत नाही. पोकळ जागेचे भाडे कोण देणार? म्हणून त्याचे यंत्रावर दाबून गठ्ठे बांधतात. गठ्ठे बांधण्याचा खर्च भाड्यात वाचतो. उलट वाळूचा ट्रक अर्धा भरला तोच वजनाची मर्यादा संपते.

आता खनिजाकडे येतो आणि इथे जरा थांबतो, कारण इथे केवळ पैशाचा नव्हे, माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. आपल्या समाजातील अनेक घरांतील माणसे जहाजांवर आहेत. खनिजाचा चुरा दिसायला कोरडा असतो, पण त्याच्या पोटात ओल असते. पावसाळ्यात उघड्यावर पडलेला ढीग जहाजात भरला, की समुद्राच्या हेलकाव्याने आणि इंजिनाच्या थरथरीने दाणे एकमेकांवर बसतात, मधले पाणी वर येते आणि घट्ट माल पाहता पाहता चिखलासारखा वाहू लागतो. तो एका बाजूला गेला की जहाज कलते आणि पुन्हा सरळ होत नाही. 2009 सालच्या पावसाळ्यात आपल्याच देशाचा खनिजचुरा घेऊन निघालेली दोन जहाजे अशी बुडाली. जुलैमध्ये मंगळूरजवळ 'एशियन फॉरेस्ट', आणि सप्टेंबरमध्ये ओरिसाच्या पारादीपजवळ 'ब्लॅक रोझ'. वादळाने नव्हे, मालाची जात न ओळखल्याने.

खरी तपासणी प्रयोगशाळेत होते आणि माल भरण्यापूर्वी ओलाव्याचा दाखला लागतो. पण बंदरावर झटपट करायची एक डब्याची परीक्षा आहे. लहान डबा निम्मा चुऱ्याने भरायचा, वीतभर उंचीवरून कठीण जमिनीवर पंचवीस वेळा आपटायचा आणि आत पाहायचे. वर पाणी दिसले किंवा माल लिबलिबीत झाला, तर तो जहाजात घालण्यापूर्वी पुन्हा तपासलाच पाहिजे. मी ही परीक्षा नववीच्या वर्गात केली. दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा आणि समुद्रकाठची ओली बारीक वाळू. पंधराव्या-सोळाव्या आपटीला वाळू चकाकू लागली आणि पंचविसाव्याला वर पाणी आले. एका मुलाचे वडील बोटीवर आहेत. तो म्हणाला, "सर, हे मी आज रात्री अब्बांना फोनवर सांगतो." बहुधा अब्बांना ते आधीच ठाऊक असेल. पण मुलाला आपल्या वडिलांचे काम त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

वाहन निवडतानाही हेच. कोकण रेल्वे 26 जानेवारी 1998 रोजी संपूर्ण मार्गावर सुरू झाली, तेव्हा पुष्कळांना वाटले की आता ट्रक संपले. तसे झाले नाही. आंब्याची पेटी बागेतून गाडीत, गाडीतून स्थानकावर, तिथून डब्यात, पुढे पुन्हा ट्रकमध्ये, अशी चार वेळा हाताळली की फळाला मार बसतो आणि वेळही जातो. ट्रक संध्याकाळी बागेतून उचलतो आणि रस्ता मोकळा असला तर पहाटे वाशीच्या बाजारात उतरवतो. रेल्वेने मग अक्कल लढवली. 26 जानेवारी 1999 पासून कोलाड ते वेर्णे भरलेला ट्रकच सपाट वाघिणीवर चढवून नेण्याची रो-रो सेवा सुरू केली. माल हाताळायचा नाही, घाट-वळणे नाहीत, डिझेल वाचते, चालक-क्लीनर आपल्याच ट्रकमध्ये विश्रांती घेतात. माल ट्रकचा, चाके रेल्वेची! आपल्या भागात राबवलेली ही कल्पना मला आजही फार आवडते. अमेरिकेत 26 एप्रिल 1956 रोजी माल्कम मॅक्लीन यांनी 'आयडियल एक्स' या जहाजावरून 58 ॲल्युमिनियमचे पेटारे नेले आणि कंटेनरचे युग सुरू केले, त्यामागचा विचारही हाच होता, की माल पुन्हा पुन्हा हाताळू नका, पेटीच उचला.

2020 सालच्या टाळेबंदीत तर आपण सर्वांनीच धडा घेतला. ऐन हंगामात बाजार विस्कळीत, गाड्या बंद. तेव्हा एसटीने मालवाहतूक सुरू केली आणि प्रवाशांच्या लाल गाडीतून आंब्याच्या पेट्या मुंबईला गेल्या. काही बागायतदारांनी शहरातील गृहसंस्थांशी फोनवर बोलून थेट पेट्या पोहोचवल्या. त्यांतील काहींनी दलालाकडे पुन्हा तोंड वळवले नाही.

परदेशी जाणाऱ्या आंब्याची गोष्ट तर एका स्वतंत्र तासाची आहे, थोडक्यात सांगतो. फळ तेच, पण गिऱ्हाईक देश बदलला की रीत बदलते. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यावर विकिरणाची प्रक्रिया लागते. 1989 पासून बंद असलेली ती वाट 2007 साली याच अटीवर उघडली. जपानला बाष्प-उष्णतेची प्रक्रिया हवी. युरोपने तर 2014 च्या मे महिन्यापासून फळमाशीच्या कारणावरून आपला आंबा बंदच केला होता. तपासणीची व्यवस्था सुधारल्यावर 2015 मध्ये बंदी उठली. आज तिकडे पाठवताना 48 अंशांच्या गरम पाण्यात तासभर बुडवून काढतात. आणि समुद्रमार्गे शीत-कंटेनरमधून पाठवायचा तर आत सुमारे 13 अंश तापमान ठेवावे लागते. जास्त थंड केले तर टिकेल, असे वाटणे साहजिक आहे. पण हापूस फार गारठला की सालीवर डाग पडतात आणि नंतर तो नीट पिकतच नाही. माझा एक माजी विद्यार्थी न्हावाशेवा बंदराजवळच्या एका कचेरीत आहे. त्याचे काम काय? कंटेनरचा तापमानाचा आलेख पाहायचा, कागदपत्रे जुळवायची आणि गडबड दिसली की रात्री-अपरात्री फोन करायचा. तो कधी ट्रकवर चढला नाही. आणि समजा चढला असता, तरी त्यात कमीपणा कसला?

पालक भगिनींना एक उदाहरण देतो. पोलिओचा डोस पाजायला आपण मुलाला नेता, तेव्हा बाटलीवरचे वर्तुळ आणि त्यातील चौकोन कधी पाहिला आहे का? लस उष्णतेत राहिली तर तो फिका चौकोन गडद होत जातो. वर्तुळाइतका गडद झाला की ती बाटली फेकायची. अडाण्यालाही कळेल अशी ही खूण आहे. कारखान्यापासून आपल्या उपकेंद्रापर्यंत लस थंडच आली की नाही, हे ती बाटली स्वतः सांगते. साठ पेट्यांच्या त्या ट्रकमध्ये असा एखादा चौकोन असता तर, असे माझ्या मनात अनेकदा येते.

म्हणून त्या पालकांना माझे उत्तर असे, की मुलाला हा अभ्यासक्रम घेऊ द्या, पण केवळ पदवीवर विसंबू देऊ नका. सुट्टीत त्याला देवगडच्या एखाद्या पॅकिंगच्या शेडवर पेट्या भरू द्या, मालवणच्या लिलावात पहाटे उभे राहू द्या, हमालाबरोबर चहा पिऊ द्या. गणित, भूगोल आणि इंग्रजी पत्रव्यवहार या तिन्हींवर भर द्या. आज 50 हजारांहून अधिक किमतीचा माल हलवायचा तर बहुधा ई-वे बिल लागते; एका आकड्याच्या चुकीने गाडी नाक्यावर अडकते. मुलींनाही हे काम सहज करता येईल, कारण त्याचा मोठा भाग टेबलावरचा आहे. या सभागृहात मागच्या रांगांत बसलेल्या मुलींना मी हे मुद्दाम सांगतो.

माझे वडील आता ट्रक ठरवण्यापूर्वी चालकाला तीन गोष्टी विचारतात: आत आणखी काय माल आहे, थर किती लावणार, आणि वाटेत गाडी थांबली तर ताडपत्री कोण सोडणार? पहिल्या वर्षी दोन चालक हसून निघून गेले. तिसरा थांबला. गेले कित्येक हंगाम आमच्या पेट्या त्याच्याच गाडीतून जातात. भाडे थोडे जास्त घेतो.

डब्याच्या परीक्षेचा तो डबा शाळेच्या भूगोल कक्षात कपाटावर ठेवला आहे. ज्यांना पाहायचा असेल त्यांनी मधल्या सुट्टीत यावे. ओली वाळू मात्र आपापली आणावी.