जुनी पाटी, नवा दुकानदार



‘मुदत संपलेली डोमेन-नावे विकत घेणे’ हा आजचा विषय पत्रिकेत वाचून, हे काय नवे प्रकरण, असे पुष्कळांस वाटले असेल. परंतु आपणांस तो वाटतो तितका परका नाही. या गावात कित्येकांची घरे नझूलच्या पट्ट्यावर उभी आहेत. घर आपण बांधले, खालची जमीन सरकारची. भूभाडे भरावयाचे आणि मुदत सरली की पट्ट्याचे नूतनीकरण करावयाचे. इंटरनेटवरील नावाचेही तसेच आहे. ‘आम्ही नाव विकत घेतले’ असे आपण म्हणतो खरे. वस्तुतः ते एका वेळी एक ते फार तर १० वर्षांच्या बोलीने मिळालेले असते. वेबसाइट आपली; तिचे नाव मात्र पैसे भरू तोवरच आपले.

पैसे भरावयाचे राहिले तर? ‘.कॉम’च्या नावांना सामान्यतः असा क्रम लागू पडतो: मुदत संपल्यावर नोंदणी करणारी कंपनी काही दिवसांची सवलत देते, ती जास्तीत जास्त ४५ दिवसांची असते. त्यापुढे ३० दिवस जादा रक्कम भरून नाव सोडवून घेता येते. मग ५ दिवस त्याला कोणासच हात लावता येत नाही आणि त्यानंतर ते मोकळे होते. या घटकेची वाट पाहणारे व्यापारी जगभर आहेत. त्यांची यंत्रे क्षणार्धात मागणी नोंदवितात. पुष्कळ नावांचा तर त्याआधीच लिलाव होतो.

दुसऱ्याने सोडलेल्या नावासाठी माणसे पैसे का मोजतात? एक कारण टंचाईचे. बाबूराव ठाकुरांचा ‘तरुण भारत’ १९१९ साली बेळगावात निघाला. पुढे १९४४ साली ग. त्र्यं. माडखोलकरांच्या संपादकत्वाखाली नागपुरातही ‘तरुण भारत’ निघू लागला. दोन्ही पत्रे आपापल्या मुलखात नांदली. वाचकांचा घोटाळा झाला नाही, कारण मध्ये शेकडो मैल होते. इंटरनेटवर हे मैलच नाहीत. तेथे एका नावाचा धनी एकच.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. गूगलच्या संस्थापकांनी १९९८ च्या सुमारास शोधयंत्र रचिले, ते एका साध्या व्यवहारज्ञानावर: चार जाणती माणसे ज्या वैद्याकडे बोट दाखवितात, तो बहुधा चांगला असतो. ज्या वेबसाइटकडे इतर प्रतिष्ठित वेबसाइटी बोट दाखवितात, ती शोधात वर येते. आता एखादी जुनी संस्था नाव सोडून देते, पण महाविद्यालये आणि वर्तमानपत्रे यांची बोटे तिकडेच राहतात. नवा खरेदीदार त्या बोटांचा वारसदार होतो. त्याने विकत घेतलेला असतो तो दुसऱ्याने मिळविलेला विश्वास.

येथेच नीतीचा प्रश्न उभा राहतो. इतवारीतील एक जुनी पेढी बंद पडली आणि तिचा गाळा दुसऱ्याने घेतला, तर त्यात वावगे काही नाही. पण त्याने जुनीच पाटी ठेवून आत खोटे दागिने विकावयास काढले, तर ती फसवणूक होय. सुटसुटीत नाव मोकळे झाले, आपण घेतले, त्यावर नवा धंदा आपल्या नावाने मांडला, तर तो सरळ व्यवहार. जुने लेख पुन्हा चिकटवून त्यांच्या आडून जुगाराच्या जाहिराती लावल्या, तर ती लबाडी. गूगलनेही मार्च २०२४ मध्ये हा प्रकार आपल्या नियमांत स्पष्ट नावाने निषिद्ध ठरविला. न्यायालयांची दृष्टीही अशीच आहे. ‘रेडिफ’शी मिळत्याजुळत्या ‘रॅडिफ’ नावास मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ साली मनाई केली. आणि असे नाव केवळ पत्ता नसून व्यापारी लौकिकाचे चिन्ह होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली ‘सत्यम इन्फोवे’ खटल्यात मान्य केले.

आता आमचीच एक चूक सांगतो. ज्या वाचनालयाच्या कार्यकारिणीत आम्ही होतो, त्याचे नाव एका उत्साही तरुणाने स्वतःच्या ई-मेलवर नोंदविले होते. तो नोकरीसाठी पुण्यास गेला. नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या बंद पडलेल्या पत्त्यावर जात राहिल्या. काही महिन्यांनी एका वृद्ध वर्गणीदारांचा फोन आला, “अहो, तुमच्या वाचनालयात पत्त्यांचा अड्डा केव्हापासून सुरू झाला?” पावतीपुस्तकांवर आणि स्मरणिकेच्या मलपृष्ठावर तो पत्ता छापलेला, तो आता कसा पुसावयाचा? दोष त्या तरुणास देणे सोपे होते. पण इतक्या वर्षांत नाव कोणाच्या नावे आहे, हे सभेत कोणी विचारले नव्हते. आम्हीही नाही.

मोठ्यांचेही असे होते. डिसेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टकडून ‘पासपोर्ट.कॉम’चे पैसे भरावयाचे राहिले आणि ऐन नाताळात हॉटमेल अनेकांस उघडेना. टेनेसीतील एका परोपकारी प्रोग्रामरने पदरचे ३५ डॉलर भरले. असा सज्जन प्रत्येकास भेटेलच असे नाही. आणि जाहिरातींहून मोठा धोका पत्रांचा आहे: नाव ज्याच्या हाती, त्या नावाच्या पत्त्यांवर येणारी ई-मेलेही त्याच्याच हाती. बँकेचे परवलीचे शब्द बदलण्याच्या चिठ्ठ्याही त्यांत आल्या.

तेव्हा संस्थाचालकांस आमची विनंती इतकीच. नाव संस्थेच्या नावे नोंदवा, व्यक्तीच्या नव्हे. मुदतीची तारीख सभेच्या वहीत लिहा. संस्था मिटविली तरी नाव आणखी काही वर्षे राखा आणि त्या पत्त्यांना जोडलेली सारी खाती आधी मोकळी करा. आणि जुने नाव घेऊ इच्छिणाऱ्या तरुणांनो, १९९६ पासून जुनी पाने जपणाऱ्या ‘इंटरनेट अर्काइव्ह’मध्ये तेथे पूर्वी काय होते ते पाहा, मग खुशाल घ्या. गाळा घ्या, पाटी मात्र स्वतःची लावा.