घरच्या शाळेचा अभ्यासक्रम कोण निवडणार?

(हेंद्रेपाडा, बदलापूर पश्चिम येथे झालेल्या महिलांच्या बैठकीतील भाषण)



आजचा विषय मी ठरवलेला नाही, तो तुमच्याकडून आला. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या बदलापुरातल्या एका शाळेत शिशुवर्गातल्या दोन मुलींवर अत्याचार झाला. २० ऑगस्टला माणसे रेल्वेरुळांवर उतरली, लोकल तासन्‌तास थांबल्या. तेव्हापासून आपल्या आळीत एक वाक्य वारंवार ऐकू येते : 'मुलीला घरीच शिकवले तर?' आता त्याला दुसरे जोडले गेले आहे : 'आणि घरीच शिकवायचे, तर आपल्या धर्माप्रमाणेच का नाही?' एकीने गुरुकुल पद्धतीच्या पुस्तकांचा संच मागवला आहे. एकीच्या नात्यातल्या कोणी ख्रिस्ती अभ्यासक्रमाची माहिती आणून दिली आहे. एकीला दीनी तालीम आणि शाळेचे विषय एकत्र असलेली पुस्तके हवी आहेत. तिघींनीही मला विचारले, 'ताई, कोणता संच घ्यावा?'

भीती खरी आहे, तिला मी हसणार नाही. पण त्या दोन मुलींनी शाळेत जे घडले ते घरी सांगितले, हे विसरू नका. घरात काही घडले तर मुलीने कुठे सांगायचे? पोक्सोच्या खटल्यांची सरकारी आकडेवारी वर्षानुवर्षे हेच दाखवते की बहुतेक आरोपी मुलीच्या ओळखीतलेच असतात. नातलग, शेजारी, घरी येणारे-जाणारे. घर म्हणजे सुरक्षित असे आपण धरून चालतो, ते प्रत्येक घराच्या बाबतीत खरे नसते. म्हणून शाळा सोडवायची असेल तर निदान घराबाहेरची एक मोठी बाई तिच्या आयुष्यात हवी, जिच्याशी ती आईशिवाय बोलू शकेल.

आता धर्माचे बघू. मी स्वतः हरिपाठ म्हणते, त्यामुळे धर्मच नको असे सांगायला मी उभी नाही. आपल्याकडे धर्म शिकवण्याची रीत जुनीच आहे. मुस्लिम घरांतली मुले शाळेआधी नाहीतर शाळेनंतर मकतबात जातात, जैनांची पाठशाळा आहे, ख्रिस्त्यांचे रविवारचे वर्ग आहेत, बुद्धविहारात धम्माचे वर्ग भरतात, आपल्याकडे बालसंस्कार वर्ग आहेत. हे सगळे शाळेला जोडून चालते. आज तुम्ही विचारताय ते निराळे आहे : शाळेच्या जागी धर्म. त्याची गोष्ट आपल्याकडे घडून गेली आहे, आणि ती पंडिता रमाबाईंची आहे.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. बाईला देवभाषा शिकवली म्हणून त्यांना उडुपीला पंडितांच्या सभेपुढे जाब द्यावा लागला. पुढे ते गंगामूळच्या रानात राहिले, तिथे १८५८ साली रमाबाई जन्मल्या. मुलगी शिकण्याच्या वयाची झाली तेव्हा वडील म्हातारे झाले होते, म्हणून शिकवण्याचे काम आईकडे आले. घरात माणसांचा राबता, विद्यार्थी, अतिथी. दिवसभर आईला उसंत नाही. तेव्हा ती अंधार असतानाच मुलीला उठवी, मांडीवर घेई आणि तोंडी पाठ देई. पुस्तक नव्हतेच, आईचे तोंड हेच पुस्तक. आठव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत हे चालले आणि भागवताचे हजारो श्लोक मुलीच्या जिभेवर बसले. याच विद्येच्या बळावर १८७८ साली कलकत्त्यात त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. घरच्या धार्मिक शिक्षणाचे यापेक्षा मोठे यश मला तरी ठाऊक नाही.

पण गोष्टीचा मधला भाग आपण सांगत नाही. १८७४ च्या सुमारास दुष्काळात हे कुटुंब उपाशी पडले. तीर्थेतीर्थे, देवळेदेवळे फिरले, होते नव्हते ते दानात आणि व्रतात गेले. वडील गेले, पाठोपाठ आई गेली, बहीण गेली. रमाबाईंनी दुष्काळाच्या आठवणी लिहिल्या, त्यात त्या स्पष्ट सांगतात की पोट भरता येईल असे लौकिक शिक्षण त्यांना मिळालेच नव्हते. घराने मुलांना संसाराच्या वाऱ्यापासून जपले होते, आणि त्या जपण्यानेच दुष्काळात हात बांधले. पुढे कलकत्त्यात त्यांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ स्वतः उघडले, तेव्हा त्यांना दिसले की बाकी बाबतीत ग्रंथांचे एकमेकांशी जमत नाही, पण स्त्री हलकी आणि मोक्षाला अपात्र, यावर मात्र सगळ्यांचे एकमत आहे. इतकी वर्षे घरी शिकून हे पान त्यांना कोणी दाखवले नव्हते.

म्हणून कोणताही संच दारात आला, की त्यात काय आहे त्याआधी काय नाही ते पाहा. मुलीच्या पुस्तकात गणित कितवीपर्यंत आहे? विज्ञानात शरीराचा धडा आहे की गाळला आहे? पाळीवर आणि नको असलेल्या स्पर्शावर एक तरी पान आहे का? त्याच संचात भावाला एक पुस्तक आणि बहिणीला दुसरे असे आहे का? 'आदर्श कन्या', 'सुगृहिणी' असे वेगळे पुस्तक असेल तर त्याच्या जोडीला 'आदर्श पुत्र, घरकाम भाग पहिला' आहे का, तेही विचारा. (हसू नका, खरंच विचारा.) परदेशातून आलेल्या संचांनाही हेच प्रश्न. अमेरिकेत टेक्सासमध्ये १९७० साली सुरू झालेल्या एका ख्रिस्ती अभ्यासक्रमात मूल एकटे बसून पुस्तिकेमागून पुस्तिका भरते. आईला ते सोपे वाटते, पण वाद घालायला, 'मला नाही पटत' म्हणायला समोर माणूस लागतो.

आता कागदाचे, कारण कागदाशिवाय आपल्या मुलींचे काही चालत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य ठरवले, पण न घालणाऱ्या पालकाला शिक्षा ठेवली नाही. २०१२ च्या दुरुस्तीने मदरसे, वैदिक पाठशाळा आणि मुख्यतः धर्मशिक्षण देणाऱ्या संस्था या कायद्यातून वगळल्या. याचा अर्थ एवढाच, की तुम्ही घरी काय शिकवता ते बघायला कोणी येणार नाही. चांगले शिकवलेत तरी नाही आणि दोन वर्षे काहीच शिकवले नाही तरी नाही. परीक्षेचे दरवाजे मात्र आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे टप्पे आहेत, आणि चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर दहावीला बसता येते. राज्याचे मुक्त विद्यालय मंडळ २०१७ साली निघाले. सतरा नंबरचा फॉर्म तुम्हाला माहीतच आहे, पण तो भरताना पाचवी पास झाल्याचा दाखला लागतो, म्हणून मुलीला चौथीतून काढू नका. राष्ट्रीय संस्थेत दहावीला वेद अध्ययन, भारतीय दर्शन, संस्कृत व्याकरण असेही विषय मिळतात. मुलीला आवड असेल तर जरूर घ्यावेत, पण गणित आणि विज्ञान सोडून नव्हे. पुढे ती नर्सिंगला जायचे म्हणाली तर?

मुलगा शाळेत आणि मुलगी घरी, असे ज्या घरात ठरते आहे, तिथे अभ्यासक्रमाची चर्चाच करू नये असे माझे मत आहे. तिथे प्रश्न धर्माचा नाहीच.

आणि आईचे काय? निवड सहसा सासरे करतात, नवरा करतो, कोणी महाराज, मौलाना किंवा पास्टर सुचवतात. शिकवायचे मात्र आईने. नवरा पहाटेची लोकल पकडतो आणि रात्री नऊला परततो. पाणी भरणे, डबा, सासूबाईंची औषधे, शिवणाचे मशीन, आणि आता त्यात सहा विषय. नदीचे पाणी चढले की वह्या-पुस्तके माळ्यावर कोण चढवते? २०१९ ला आणि २०२१ ला कोणी चढवली? लक्ष्मीबाई पहाटे शिकवत, त्याचे आपल्याला कौतुक वाटते. पण त्या पहाटे शिकवत कारण दिवसाचा एक तासही त्यांचा नव्हता. तुमच्यापैकी जी कोणी हे काम अंगावर घेईल तिने आधी घरात विचारावे : माझे कोणते काम कोण उचलणार, आणि माझी शिवणाची कमाई बुडेल ती कशी भरून काढायची? याचे उत्तर मिळेपर्यंत पैसे भरू नका.

एक राहिले. रमाबाईंची मुलगी मनोरमा इंग्लंडमध्ये वाँटेजच्या सिस्टरांकडे राहत होती. तेव्हा रमाबाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या होत्या. तरीही मुलीला कोणती तत्त्वे शिकवायची ते आई म्हणून मी ठरवीन, हे त्यांनी सिस्टरांना ठणकावून लिहिले. तो पत्रव्यवहार १९७७ साली आपल्या राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने छापला आहे. आईचा हक्क त्यांनी सोडला नाही, तो आपणही सोडू नये. पण मुलीचे स्वतःचे? अमेरिकेत आमिश नावाच्या पंथाच्या पालकांनी आठवीनंतर मुलांना शाळेत पाठवायचे नाकारले, आणि १९७२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पालकांच्या बाजूने निकाल दिला. डग्लस नावाच्या न्यायमूर्तींनी मात्र वेगळे मत नोंदवले : या मुलांपैकी फक्त एकीला, फ्रीडा योडरला, तिचे मत विचारले गेले आहे, बाकीच्यांना कोणी विचारले? फ्रीडाने आईबापांच्याच बाजूने साक्ष दिली होती. पण निदान तिला विचारले तरी.

पुढच्या बैठकीला ज्यांनी संच मागवले आहेत त्यांनी ते घेऊन या, सगळ्या धर्मांचे. चटईवर मांडू आणि एकमेकींचे वाचून बघू. पोरींनाही आणा; नऊ-दहा वर्षांची मुलगी पुस्तक चाळून कंटाळवाणे कुठे आहे ते बरोबर सांगते.