पाय गरम झाले का?



कार्यक्रमाच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘परिचारिका’ छापलंय. आमच्या कापडे गावात हा शब्द कुणी तोंडात घेत नाही. पोलादपूरच्या वाड्यांवर आम्ही ‘सिस्टर’, नाहीतर नुसत्या ‘बाई’.

तुमच्यापैकी काहींचे आजोबा महाड-पोलादपुरातूनच बाहेर पडले. पेंढ्याच्या उडवीत हात घालू नकोस, असं त्यांना का दटावत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. लाल विंचू! चावलेलं पोर कळवळून रडत असेल तर आम्हाला जरा धीर यायचा. भीती वाटायची ती घामाने निथळणाऱ्या, ओकाऱ्या काढणाऱ्या, हातपाय गार पडलेल्या पोराची. पुढे फुप्फुसात पाणी व्हायचं.

डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 साली महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले तेव्हा गंभीर रुग्णांतले शंभरात चाळीस दगावत. त्यांनी रक्तदाबाचं साधं औषध, प्राझोसिन, वापरून पाहिलं. 1986 मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. चाळिसाचा आकडा एकावर आला. पुढे महाडलाच 70 रुग्णांवर अभ्यास झाला. प्राझोसिनसोबत विंचवाच्या विषावरची लसही दिलेल्या 35 पैकी 32 जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. नुसत्या प्राझोसिनवरच्या 35 पैकी 8.

हे सगळं छापलेलं आहे. न छापलेलं सांगते. गोळी दर तीन तासांनी द्यायची, म्हणजे रात्री दोनला कुणीतरी जागं हवं. गोळीने रक्तदाब एकदम उतरतो, म्हणून पोराला आडवंच ठेवायचं. आणि आई तर त्याला उचलून छातीशी धरणार! औषधापेक्षा तिला आवरणं अवघड. मी तिच्याच हातात पोराचे तळवे द्यायचे. “हे धर, गरम झाले की मला हाक मार.” तळवे गरम होणं हीच औषध लागू पडल्याची खूण. आईइतकी चिकाटी यंत्राला कुठली?

आता घरं सिमेंटची झाली, 2014 पासून 108 ची गाडी येते. हल्ली मी मोटारसायकलवरून पडलेली पोरंच जास्त पाहते. पण भातकापणीत विंचू अजून निघतो, आणि घाटातून गाडी वाडीवर पोचेपर्यंत पोराजवळ आशाताई नाहीतर सिस्टरच असते.

परवा आमच्या नव्या सिस्टरचा रात्री फोन आला. चार वर्षांचं पोर, दोन डोस झालेले. मी काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, “बाई, डावा गरम झालाय. उजवा अजून नाही.”