मेंदूची वीण आणि डोळ्यावरची पट्टी
(मंडळाच्या व्याख्यानसत्रातील भाषण)



बुद्धिदात्यासमोर बोलायचे म्हणून आम्ही विषयही मेंदूचाच घेतला आहे.

मुंबईला कुलाब्यात टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तिथे डॉ. शुभा टोळे गर्भावस्थेतला मेंदू कसा घडतो ते शोधतात. एका जनुकाच्या अभावी उंदराच्या मेंदूत स्मृतीशी निगडित भाग भलत्याच जागी, जादा तयार होतो, हे त्यांच्या गटाने 2008 साली दाखवले. त्याच संस्थेत डॉ. संध्या कौशिका जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या पारदर्शक कृमीवर काम करतात. त्याच्या अंगात चेतापेशी 302. त्यांतून जोडांकडे जाणारा माल जिवंतपणी, सूक्ष्मदर्शकाखाली धावताना दिसतो! त्यासाठी समुद्रातल्या जेलीफिशचे चमकणारे प्रथिन वापरतात. त्या प्रथिनाच्या कामाला 2008 चे नोबेल मिळाले.

उंदराचा मेंदू मात्र पारदर्शक नाही. साधा प्रकाश आत शिरताच विखुरतो. म्हणून अवरक्त लेसर वापरतात. तो खोलवर जातो आणि नेमका एकच बिंदू उजळतो. 2002 मध्ये याच पद्धतीने जिवंत उंदराच्या मेंदूतले, जोड जिथे बसतात ते काटे दिवसेंदिवस पाहता आले. लहान वयात ते झपाट्याने येतात नि जातात, मोठेपणी बरेचसे टिकतात.

आता हे आम्ही ग्वाल्हेरात का सांगतो? ह्यूबेल आणि वीझेल यांनी मांजराच्या पिलाचा एक डोळा कोवळ्या वयात काही काळ बंद ठेवला. पुढे उघडला, डोळा धड होता; पण मेंदूतले त्याचे जोड दुसऱ्या डोळ्याने बळकावले होते. मोठ्या मांजरात तसे झाले नाही. 1981 चे नोबेल त्यांना मिळाले.

आपल्या घरांत मात्र तिरळेपणा भाग्याचा म्हणतात, किंवा 'मोठा झाला की बघू'. बघायला तेव्हा उशीर झालेला असतो. साधारण सात वर्षांच्या आत उपचार झाला तर गुण चांगला येतो. जयारोग्यच्या नेत्रविभागात न्या, आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या, पण न्या. चष्मा देतील, कदाचित पट्टी. पट्टी चांगल्या डोळ्यावर बांधतात, अधू डोळ्यावर नव्हे. आजीमंडळींना हेच पटत नाही. नातू रडेल, धडपडेल. तरी डॉक्टरांनी सांगितले तितके तास ती काढू नका.