‘काम पूर्ण’ लिहिण्याआधी

आज पदवी घेणाऱ्या मुलामुलींनो, तुमचं अभिनंदन. झग्यांत उकडतंय, दिसतंय मला. थोडक्यात आटपतो म्हणालो खरा. पण निवृत्त माणसाच्या हाती माईक दिलाय, त्याला तुमचे प्राचार्य जबाबदार.

माझे वडील इथेच, भिवंडीत, माग चालवायचे. ताण्याचा धागा तुटला की माग थांबवून डोळ्याचं पातं लवायच्या आत गाठ मारायचे. मी जन्मभर दुसऱ्या धाग्यात काम केलं, काचेच्या. केसाएवढा बारीक. तो तुटला की गाठ चालत नाही. टोकं सोलायची, पुसायची, सरळ कापायची आणि यंत्रात वितळवून जोडायची. घरी येऊन कौतुकानं सांगितलं, तर वडील म्हणाले, “म्हणजे तुला साधी गाठ मारता येत नाही.” त्यांच्या लेखी मी शेवटपर्यंत कच्चा कारागीरच.

2011 च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारनं सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत हाच काचेचा धागा, म्हणजे फायबर, न्यायचं ठरवलं. पुढे 2015 मध्ये त्या योजनेचंच नाव भारतनेट झालं. पैसा नव्हता, असं मला कुणी सांगू नये. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलाचे 5 टक्के अशाच कामासाठी वेगळे घेतले जातात. मी जिथे होतो तिथे घोडं अडलं ते चरात. केबलचा चर 165 सेंटीमीटर खोल हवा. माझ्या उंचीचा माणूस आत उभा राहिला तर फक्त टाळू दिसावी. एका ठेकेदाराचा चर मोजला, तर तो गुडघ्यालाच संपला. मी सही केली नाही. वरून फोन आला, “अहो, खडक लागला असेल.” भातखाचर होतं हो ते! महिन्याभरात माझी बदली झाली आणि सही नव्या माणसानं केली. पुढच्या उन्हाळ्यात पाण्याची पाइपलाइन टाकणाऱ्या जेसीबीनं ती केबल मुळासकट उपटली. हे मी आजवर शंभरदा सांगितलंय. घरचे उठून जातात. तुम्हाला जाता येत नाही.

पण मीही धुतल्या तांदळासारखा नाही. वज्रेश्वरीकडच्या एका पंचायतीत यंत्र कपाटात बसवलं, हिरवे दिवे लागले, मी ‘काम पूर्ण’ लिहून सही केली. काही वर्षांनी त्याच पंचायतीच्या एका पाड्यावर गेलो. रेशन दुकानदार अंगठ्याचं यंत्र घेऊन टेकाडावरच्या चिंचेखाली बसलेला, खाली बायकांची रांग. रेंज आली की तो हाका मारायचा आणि एकजण धावत वर. एक आजी तिसऱ्या दिवशी आली होती. मला म्हणाली, “तुम्ही फोनवाले ना? मग इथवर का नाही आलात?” योजना पंचायतीच्या दाराशी संपत होती. पाडा तिथून तीन किलोमीटर. कागदावर मात्र गाव जोडलेलं होतं, माझ्या सहीनं.

परत येताना मानकोलीची गोदामं लागली. कुठलं पार्सल कुठल्या रॅकवर आहे, ते तिथे क्षणात कळतं. आजीचा अंगठा आजीचाच आहे, हे कळायला मात्र तीन हेलपाटे. दोन्ही एकाच तालुक्यात!

2023 च्या सुधारित योजनेत पंचायतीपलीकडच्या गावांनाही मागणीनुसार जोडणी द्यायचं ठरलंय. चांगलं आहे. पण मागणी करणार कोण, ती आजी?

तुमच्यापैकी कुणी ग्रामपंचायतीत जाईल, कुणी बँकेत, कुणी त्याच गोदामांत. प्रत्येकापुढे कधी ना कधी एक कागद येईल आणि त्यावर ‘काम पूर्ण’ असा रकाना असेल. माझं एवढंच ऐका. सही करण्याआधी शेवटच्या घरापर्यंत चालत जाऊन या. साहेब रागावतील, बदली होईल, होऊ द्या. बदलीतून माणूस परत येतो. सही परत घेता येत नाही. माझी अजून त्या फायलीत आहे.

प्राचार्य घड्याळाकडे बघतायत. थांबतो.